साके, साकाना आणि निस्त्याक

देवगडात जेवणाआधी हमखास विचारतात, ‘आज निस्त्याक काय?’ म्हणजे भाताबरोबर काय? उत्तर बहुधा बांगडा, नाहीतर सौंदाळा. जपानीत हीच गंमत एका शब्दात मुरली आहे. ‘साके’ म्हणजे मद्य, ‘ना’ म्हणजे तोंडीलावणं. दोन्ही मिळून ‘साकाना’, आपला चखणा. पण पेल्याशेजारी मासा असा ठाण मांडून बसला, की साकानाचा अर्थच मासा झाला आणि जुना ‘उओ’ मागे पडला. तांदूळ आंबवून केलेल्या ज्या पेयाला आपण साके म्हणतो, ते तिथे ‘निहोन्शु’. साके म्हणजे कुठलीही दारू, अगदी आपली माडीसुद्धा. हिंदीतल्या ‘चखना’वरून आलेला आपला चखणा मात्र बिचारा शेंगदाण्यांवरच अडला.