नामकरणाचें कोडें

अर्भकाच्या जन्मनक्षत्राचा चरण कळला कीं नांवाचें आद्याक्षर ठरतें. मग त्या अक्षरास शोभेल असें नांव शोधण्यांत सारें घर गुंतून जातें. मोबाइलचा अंतर्गत कारभार चालविणाऱ्या ‘अँड्रॉइड’ या गूगल कंपनीच्या प्रणालीविषयीं असाच खेळ सुमारें दहा वर्षें जगभर चालला होता.

२००९ सालच्या एप्रिलांत ‘कपकेक’ या नांवानें त्या परंपरेचा आरंभ झाला. पुढील आवृत्त्यांस डोनट, एक्लेअर, फ्रोयो अशीं गोड पदार्थांचीं नांवें इंग्रजी वर्णानुक्रमानें मिळत गेलीं. त्यामुळें आद्याक्षर सर्वांस आधींच कळे. गुप्त राही तो केवळ पदार्थ. तर्काची सारी गोडी या अर्धवट गुपितांतच होती.

तर्क करणारांची मोठी फजिती २०१३ सालीं झाली. ‘के’ अक्षरासाठीं ‘की लाइम पाय’ हें नांव बहुतेकांनीं गृहीत धरिलें होतें, व कंपनींतही प्रथम तेंच प्रचारांत होतें. परंतु त्या पदार्थाची चव फार थोड्यांस ठाऊक, असा विचार होऊन सप्टेंबरांत ‘किटकॅट’ हें नांव जाहीर झालें. व्यवहारांत पैशाची देवघेव नव्हती असें सांगण्यांत आलें; तथापि पाळण्यावर दुकानाची पाटी लागली ती लागलीच.

२०१५ च्या डिसेंबरांत दिल्लीच्या विद्यार्थ्यांनीं सुंदर पिचाई यांस भारतीय मिठाईच्या नांवाविषयीं छेडिलें; आईस विचारून पाहीन, असें त्यांनीं हंसत सांगितलें. पुढील वर्षीं ‘एन’ अक्षरासाठीं लोकांकडून सूचना मागविल्या गेल्या. केरळीयांस ‘नेय्यप्पम’ची आशा होती, जूनअखेर नांव निघालें ‘नूगट’.

२०१९ च्या ऑगस्टांत ‘क्यू’ची पाळी आली, तेव्हां कंपनीनें जाहीर नांवांची ही प्रथाच मोडून ‘अँड्रॉइड १०’ असा आंकडा पत्करिला. कित्येक भाषांत ‘ल’ व ‘र’ यांचा उच्चार वेगळा ओळखूं येत नाहीं, कित्येक देशांत ‘पाय’ हा गोड पदार्थच नव्हे, हीं कारणें तिनें दिलीं. तीं आम्हांस रास्त वाटतात. ज्यांनीं मार्शमॅलो कधीं चाखला नाहीं, त्यांनीं परक्याच्या फडताळांत काय आहे याचा अंदाज किती दिवस करीत बसावें? आंकडा मात्र सर्वांस सारखाच समजतो. परंतु दहानंतर अकरा येणार, यांत तर्क तो कसला करावयाचा?