प्लेग ते कोविड : विलगीकरणात सापडलेले घर

साथीच्या रोगांचा इतिहास आपण बहुधा मृतांच्या आकड्यांतून वाचतो. साथ घरात शिरल्यावर घरातल्या माणसांच्या मनाचे काय झाले, याची नोंद सरकारी दप्तरात जवळजवळ नसते. ती शोधायची तर तक्रारी, दंगली आणि अफवा वाचाव्या लागतात. ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द अलीकडचा. आपल्या बोलीत मात्र ‘हाय खाणे’, ‘धसका घेणे’ हे शब्द आहेतच.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात वॉल्टर रँड याच्या हाताखाली प्लेग समिती नेमली गेली आणि १३ मार्चपासून गोऱ्या शिपायांनी घरझडत्या सुरू केल्या. रुग्णाला इस्पितळात न्यायचे, घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवायचे आणि घर धुऊन निर्जंतुक करायचे, अशी ती पद्धत. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने हे तर्काला धरून होते. घराच्या दृष्टीने पाहिले तर एकाच दिवसात आजारी माणूस एका दिशेला, बाकीचे दुसऱ्या दिशेला आणि उंबऱ्याच्या आत परके बूट. माजघर, देवघर, स्वयंपाकघर काहीच सुटले नाही.

लोक रोगी लपवू लागले. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला अडाणीपणा म्हटले. मला त्यात वेगळे दिसते. ज्या आजारात मृत्यू बहुधा ठरलेलाच, त्यात शेवटचे पाणी आपल्या हाताने पाजता यावे, एवढीच ती धडपड होती. ही भीती एका जातीची किंवा धर्माची नव्हती. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. मार्च १८९८ मध्ये तिथल्याच मदनपुऱ्यात एका आजारी मुलीच्या तपासणीवरून जुलाहा विणकरांच्या वस्तीत दंगल पेटली. पंडिता रमाबाईंसारख्या ख्रिस्ती झालेल्या, सुधारक बाईंनीही १८९७ मध्ये पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या असुरक्षिततेवर जाहीरपणे लिहिले. या साऱ्यांत धागा एकच होता : आमचे माणूस नजरेआड कुणाच्या हाती जाणार?

रँडवर २२ जून १८९७ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या. आपण ही कथा चापेकर बंधूंपाशी संपवतो. खरे तर त्यापुढचा भाग विलगीकरणाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत सरकारने सक्ती हळूहळू सैल केली. निरनिराळ्या समाजांना स्वतःची प्लेग इस्पितळे काढू दिली, रुग्णाजवळ नातेवाइकांना राहू दिले. विलगीकरण रद्द झाले नाही, त्यात घराला जागा मिळाली, आणि लोकांचा विरोधही ओसरू लागला.

खेड्यांनी आपली वाट आधीच काढली होती. उंदीर पडू लागले की गाव मोकळे करायचे आणि रानात, माळावर झोपड्या घालून राहायचे. थंडी-वाऱ्याचे हाल होतेच, पण चूल, गुरे, म्हातारी माणसे सोबत असत. अंतर पाळले जाई आणि घर एकत्र राही. हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी चालवलेल्या दवाखान्यातही रोगी आणला जाई तो आपुलकीने. तिथे सेवा करतानाच, घरझडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई प्लेगने गेल्या.

सव्वाशे वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू झाला. या वेळी संकटाचे रूप उलटे होते. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली आणि घर आतून कोंडले गेले. चाळीतल्या एका खोलीत सहा-सात माणसे, बंद झालेली कमाई, एका मोबाइलवर दोन मुलांची शाळा. ज्या बाईला घरातच मार खावा लागत होता तिला बाहेर पळायची वाटही उरली नाही. राष्ट्रीय महिला आयोगाला एप्रिलमध्ये त्यासाठी वेगळा व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक द्यावा लागला. आणि रोगी सापडला की पुन्हा १८९७ : रुग्णवाहिका, दारावरचा फलक, शेजाऱ्यांच्या नजरा.

अंत्यदर्शनाबाबत केंद्राच्या मार्च २०२० च्या सूचनांत मृताचा चेहरा नातेवाइकांना पाहू देण्याची मुभा होती. स्पर्श, आंघोळ मात्र नाही. धास्तीपोटी आणि गर्दीपोटी पुष्कळ ठिकाणी तेवढेही घडले नाही. ज्या घरांनी चेहरा पाहिला नाही, त्यांचे दुःख अजून अर्धवट आहे.

मनाच्या आजारांसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची राष्ट्रीय सेवा सुरू झाली, हे चांगलेच झाले. पण समुपदेशन ही नंतरची मलमपट्टी. जखम कमी व्हावी असे वाटत असेल तर विलगीकरणाच्या नियमातच तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात : रुग्णाची खबर रोज घरी पोचेल, एक माणूस सुरक्षितपणे त्याच्याजवळ राहू शकेल आणि निरोप घेता येईल. सक्तीपेक्षा हे स्वस्त पडते, हे १८९७ नंतर इंग्रज सरकारलाही उमगले होते. पुढची साथ येईल तेव्हा ते आपल्याला नव्याने शिकावे लागू नये.