गुत्ती आणि संडूर : एका घराण्याची दोन गावे

रेल्वेत डिप्लोमा इंजिनिअर म्हणून लागलो तेव्हा माझी पहिली बदली गुंतकल विभागात झाली. मुंबई-चेन्नई मार्गावर गुंतकलपासून जवळच गुत्ती जंक्शन आहे. रुळांची तपासणी करताना समोरच्या उघड्या डोंगरावरचा किल्ला रोज दिसे, पण सहा वर्षांत मी एकदाही वर गेलो नाही. बंगळुरात स्थायिक झाल्यावर मुलाला घेऊन मुद्दाम गेलो. पायथ्याच्या फलकावरचे तेलुगू मला वाचता येईना. मुलाने मात्र कानडीच्या आधाराने अक्षरे लावून 'मुरारिरावु' हे नाव वाचले आणि विचारले, "बाबा, हे कोण?" मला धड उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

सिदोजी घोरपडे यांनी १७२८ मध्ये बेडर पाळेगाराकडून संडूर घेतले. त्यांचे चिरंजीव म्हणजे गुत्तीचे मुरारराव. कर्नाटकातील युद्धांत इंग्रज, फ्रेंच आणि निजाम या सर्वांना त्यांच्या घोडदळाची गरज पडे. १७४१ मध्ये मराठ्यांनी त्रिचनापल्ली जिंकल्यावर तिथला कारभार त्यांच्याकडेच होता. गुत्तीच्या कड्यावर एक छोटा मंडप आहे. त्याला आजही मुराररावांची बैठक म्हणतात. तिथून खालचे सारे गाव दिसते.

अशा बेलाग किल्ल्याला हैदरअलीने वेढा घातला आणि १७७६ मध्ये तो पडला. कारण तोफा नव्हेत, वरचे पाणी संपले! पुढे मुरारराव कब्बालदुर्गच्या कैदेत वारले. संडूरही हैदरकडे गेले.

संडूर बळ्ळारी जिल्ह्यात, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या हिरव्या खोऱ्यात आहे. गुत्तीला नुसता दगड, तर इथे पाणी, झाडी आणि पोटात लोखंड. आपल्या बाप्पाच्या भावाचे, कुमारस्वामींचे प्राचीन देऊळ इथलेच. घोरपड्यांनी हे गाव टिपूकडून परत मिळवले. १८१७ मध्ये पेशव्यांच्या मागणीवरून इंग्रजांनी थॉमस मन्रोला संडूरवर पाठवले, तेव्हा शिवराव घोरपड्यांनी न लढता गाव ताब्यात दिले. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये ते त्यांना परत मिळाले. योगायोग असा की हाच मन्रो १८२७ मध्ये पत्तिकोंड्याला पटकीने वारला आणि त्याला प्रथम गुत्तीतच पुरले.

जेमतेम १६० चौरस मैलांचे हे संस्थान १९४९ पर्यंत टिकले. १९३२ मध्ये कुमारस्वामींचे देऊळ हरिजनांना खुले झाले आणि १९३४ मध्ये गांधीजी संडूरला येऊन गेले. घराण्यातले एम. वाय. घोरपडे पुढे कर्नाटकाचे अर्थमंत्री झाले. संडूरच्या लंबाणी बायकांच्या भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. खनिजासाठी डोंगर पोखरले गेले, हेही खरे. त्या मालगाड्या आम्ही रेल्वेवाल्यांनीच ओढल्या.

मग लढणारा संपला आणि नमणारा टिकला, असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. गुत्तीकरांचे शौर्य खोटे नव्हते. पण ते कड्यावर राहिले आणि खाली उतरून कुणाच्या रोजच्या जगण्यात मिसळले नाही. संडूरकर मात्र कानडी मुलखाचे झाले, म्हणून तिथला वारसा माणसांत उरला.

आपणही इथे पोटासाठी आलेली माणसे. शेजाऱ्यांशी कानडी बोलावे, त्यांना आरतीला आणि प्रसादाला बोलवावे आणि घरात मात्र मराठीचे पाणी आटू देऊ नये. मुलाने गुत्तीचे नाव वाचले ते कानडीच्या जोरावर. तीच गोष्ट त्याला मराठीतही वाचता यावी, म्हणून हा लेख मी आधी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतला. चार ठिकाणी अडखळला, पण शेवटपर्यंत वाचला.

गणराया त्याला आणि आपल्या सर्वांच्या मुलांना अशीच बुद्धी देवो, हीच प्रार्थना.