दाखले, ख्रिस्ती
रोजच्या जगण्यातील प्रसंगावरून श्रद्धेचा बोध करून देणाऱ्या छोट्या कथांना मराठी ख्रिस्ती परंपरेत ‘दाखले’ म्हणतात. पेरणी, मेंढपाळी, मजुरी हे त्यांचे विषय असून बहुतेक मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रग्रंथांत) आढळतात. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (मत्तय २०) पहाटेपासून राबलेल्याला आणि दिवस मावळायला तासभर उरला असता कामाला लागलेल्याला मालक सारखाच एक दिनार देतो, व पहाटेचे मजूर कुरकुरतात; रोजंदारीचा हा तंटा कापूस आणि संत्र्यांच्या पांढुर्णा-सौंसर भागात समजावून सांगावा लागत नाही. मध्य प्रदेशातील हा मराठीभाषक टापू २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होता, आणि स्वीडिश मिशनच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या लूथरन मंडळीचे मुख्यालय छिंदवाड्यातच आहे. मराठीत अशा कथनाला फादर स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराणा’ची (१६१६) पूर्वपीठिका लाभली, पुढे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले, आणि निरूपणामागून आख्यान ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांसाठी हा मार्ग छापील बोधपत्रकांहून निश्चितच सरस होता. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र दाखल्यांच्या धाटणीच्या कथा जवळजवळ नाहीत.