मैदानाची वहिवाट

पुण्याच्या पश्चिमेस वेताळ टेकडीच्या उतारापर्यंत पसरलेले कोथरूड हे एके काळी शेतामळ्यांचे, जुन्या मृत्युंजयेश्वराच्या देवळाचे आणि पौडच्या वाटेवरील स्वतंत्र असे गाव होते, ही गोष्ट आज तेथील एखाद्या बहुमजली इमारतीच्या गच्चीवर उभ्या असलेल्या मुलास सांगितली तर ती त्यास खरी वाटणे कठीण; गावठाणाच्या अरुंद बोळांतून हिंडणाऱ्यास मात्र तिची साक्ष अजून पटते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सहकारी गृहरचना संस्था आल्या, कारखाने आले, महाविद्यालये आणि नाट्यगृह आले, आणि जेथे नांगर फिरत होता तेथे रहदारी फिरू लागली. या स्थित्यंतरात घरांचा, दुकानांचा व रस्त्यांचा हिशेब ज्याने त्याने आपापल्या परीने राखला. जी जागा कोणाच्याच नावावर नव्हती परंतु सर्वांच्या पायाखालची होती, त्या खेळाच्या जागेचा हिशेब मात्र कोणत्याच दप्तरी नीट लागला नाही. आज कोथरूडच्या मुलास फुटबॉल खेळावयाचा तर शाळेच्या मर्जीवर अथवा तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम हिरवळीवर अवलंबून राहावे लागते.

मालकी एकाची आणि वहिवाट अनेकांची, ही कल्पना आपल्याकडे विलायतेहून आलेली नाही. मराठेशाहीतील गाव पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे शेतजमीन अशा दोन अंगांनी नांदत असे, आणि त्या दोहोंच्या कडेला गायरान, देवराई, पाणवठा यांसारख्या जागा असत, ज्यांवर कोणा एकाचा दस्त नव्हता पण सर्वांचा हक्क होता. त्या हक्काविषयी तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसे, वतनदार, बलुतेदार व जाणते वृद्ध साक्षी देत, आणि जो निवाडा होई त्याच्या महजरावर अक्षरशत्रू कुणबी आपला नांगर व इतर कारागीर आपापल्या हत्याराची निशाणी काढीत. त्या व्यवस्थेत अन्याय नव्हता असे कोणी म्हणू नये. पाणवठ्यावर कोणास येऊ द्यावयाचे आणि कोणास नाही, याविषयी तिचे वर्तन लाजिरवाणे होते. परंतु ‘ही जागा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वापरतो’ हे वाक्य त्या सभेत पुरावा म्हणून ऐकले जात होते, आणि पुढे इंग्रजी अंमलाच्या कचेरीत ते नुसते गाऱ्हाणे होऊन बसले, हा फरक दृष्टीआड करण्याजोगा नाही.

या फरकाचे सर्वांत बोलके प्रकरण मुंबईच्या मैदानावर घडले. किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या एस्प्लनेडवर पारशी मुले एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून क्रिकेट खेळत आली होती. १८४८ मध्ये त्यांचा ओरिएंटल क्लब निघाला, आणि पुढील तीस वर्षांत पारश्यांबरोबर हिंदू व मुसलमान मंडळींचेही संघ त्याच जमिनीवर विटी नव्हे तर स्टंप रोवू लागले. १८७५ मध्ये केवळ युरोपीयांसाठी बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. त्याच्या सभासदांनी आपल्या क्रिकेटची जागा कुंपण घालून सुरक्षित केली आणि उरलेल्या मोकळ्या भागावर, म्हणजे नेमके जेथे नेटिव्ह मंडळी खेळत तेथे, पोलोचे घोडे नाचविण्याची परवानगी सरकारातून मिळविली. घोड्यांच्या टापांनी उखणलेल्या जमिनीवर चेंडू कोठे उसळेल याचा भरवसा राहीना. मूठभर साहेबांच्या आठवड्यातील दोन सायंकाळच्या करमणुकीसाठी शेकडो तरुणांचा रोजचा खेळ धोक्यात आला.

१८८१ च्या ऑक्टोबरात शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटप्रेमी गृहस्थांनी ४०० हून अधिक सह्यांचा एक अर्ज गव्हर्नरांकडे धाडला. हे गव्हर्नर म्हणजे सर जेम्स फर्ग्युसन, ज्यांचे नाव वेताळ टेकडीच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या महाविद्यालयामुळे प्रत्येक पुणेकराच्या जिभेवर आहे. अर्जदारांची मागणी माफक होती: जमीन आमच्या मालकीची करून द्या असे ते म्हणत नव्हते, आम्ही जी वापरतो ती नासू नये आणि पोलोसाठी कूपरेज नावाची दुसरी जागा द्यावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १८८२ मध्ये तसा हुकूम सुटलाही. परंतु जिमखान्याच्या सभासदांची सरकारदरबारी जी ऊठबस होती ती चारशे सह्यांना कोठून असणार! वर्षाच्या आत हुकूम फिरला, घोडे परत आले, आणि शापूरजींच्या नशिबी अर्जांमागून अर्ज करणे आले. हा सारा झगडा त्यांनी १८९७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. पारशी क्रिकेटचा इतिहास म्हणून ते पुस्तक वाचले जाते, पण माझ्या मते आपल्या इलाख्यातील मैदान-रक्षणाच्या चळवळीची ती पहिली कैफियत होय.

सरकारने तोड काढली ती सरकारी पद्धतीची. १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून समुद्र हटवून काढलेल्या केनेडी सी-फेसच्या जमिनीवर पारशी, मग इस्लाम व हिंदू जिमखान्यांस एकेक तुकडा देण्यात आला. ज्यांचा जिमखाना झाला त्यांची सोय झाली; ज्यांचा झाला नाही ते मैदानावरच राहिले, आणि सार्वजनिक जमिनीवर खेळणाऱ्यांचा हक्क कोणता हा मूळ प्रश्न तसाच लोंबकळत ठेवून सरकारने हक्काच्या जागी मेहेरबानी दिली. आणखी एक गंमत अशी की, ज्या कूपरेजवर घोडे धाडावे अशी अर्जदारांची विनंती होती, तेच कूपरेज पुढे पश्चिम भारतातील फुटबॉलचे माहेर झाले आणि १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

आमच्या अर्जदारांस जे नाकारले गेले ते खुद्द इंग्रजांच्या देशात अपरिचित नव्हते. १७९५ मध्ये फिच विरुद्ध रॉलिंग या खटल्यात एसेक्स परगण्यातील एका खेड्याच्या रहिवाशांस खासगी जमिनीवर क्रिकेट खेळण्याचा रूढिसिद्ध हक्क आहे, असे तेथील न्यायालयाने मान्य केले होते. तरीही विसाव्या शतकात तेथील फुटबॉल क्लबांची मैदाने मालकांच्या कर्जापायी आणि जमिनीच्या भावापायी विकली जाऊ लागली, तेव्हा त्या खेड्याचा दाखला प्रेक्षकांच्या कामी आला नाही. लंडनच्या चार्ल्टन क्लबाने १९८५ मध्ये आपले ‘व्हॅली’ हे मैदान सोडून दुसऱ्याच्या घरी बिऱ्हाड केले. चाहते स्वतः फावडी घेऊन मैदानातील रान काढावयास गेले, आणि ग्रिनिच येथील नगरसभेने परतण्याची योजना फेटाळताच १९९० च्या निवडणुकीत त्यांनी ‘व्हॅली पक्ष’ नावाचा पक्षच उभा करून १४,८३८ मते मिळविली. नगरसभेस तो इशारा कळला, आणि ५ डिसेंबर १९९२ रोजी क्लब आपल्या घरी परतला. ब्रायटनचे गोल्डस्टोन मैदान मात्र १९९७ मध्ये गेले ते गेलेच.

अशा अनुभवांनंतर २०११ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याने इंग्लंडात एक तरतूद आली. एखादी इमारत अथवा जमीन समाजाच्या उपयोगाची आहे असे स्थानिक मंडळीने दाखवून दिल्यास नगरसभेने ती पाच वर्षांकरिता यादीत नोंदवावयाची. मालकाने ती विकावयास काढली तर प्रथम सहा आठवडे, आणि कोणा स्थानिक संस्थेने घेण्याची इच्छा कळविल्यास सहा महिने, विक्री थांबते. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या चाहत्यांनी कॅसम स्टेडियम आणि मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांनी ओल्ड ट्रॅफर्ड या यादीत नोंदवून घेतले. मुदत संपल्यावर मालक कोणासही विकावयास मोकळा असतो, तेव्हा हे कवच काही लोखंडी नव्हे. पण चाहत्यांना पैसे जमविण्यास आणि वर्तमानपत्रांना जागे होण्यास सहा महिने पुष्कळ होतात.

आमच्याकडे चाहते नाहीत असे नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर जी गर्दी लोटते ती पाहिलेल्यास महाराष्ट्राला फुटबॉलचे वेड नाही असे म्हणवणार नाही. पेठ, तालीम आणि मैदान यांचे तेथे एकत्र कुटुंब आहे. पुण्याचे चित्र याच्या उलट. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसाठी एफसी पुणे सिटी हा संघ निघाला, बालेवाडीच्या सरकारी क्रीडासंकुलात तो खेळला, ‘ऑरेंज आर्मी’ नावाने त्याचे निष्ठावंत चाहते जमले. पाच हंगामांनंतर २०१९ मध्ये संघ बंद पडला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. चाहत्यांच्या हाती शर्ट उरले. ज्या मैदानाशी पेठेचा संबंध नाही तेथे क्लब हा भाडेकरू आणि चाहता हा पाहुणा, हे त्या प्रकरणाने स्पष्ट केले.

कायद्याच्या बाजूने पाहता आपण अगदीच निःशस्त्र नाही. ज्या १८८२ मध्ये घोडे कूपरेजवर जाऊन परतावयाच्या वाटेला लागले, त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याने रूढीने प्राप्त होणारे हक्क मान्य केले आहेत. १९९१ मध्ये बंगळुरूच्या एका राखीव उद्यानाची जागा शुश्रूषागृहास देण्याचा सरकारी निर्णय सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या तक्रारीवरून रद्द ठरविला, आणि २०११ मध्ये, इंग्लंडचा तो कायदा झाला त्याच साली, जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. मुंबईच्या ओव्हल मैदानाची दुर्दशा शेजारच्या रहिवाशांनी उच्च न्यायालयात जाऊनच थांबविली. कोथरूडकरांनाही हरकतीचे वावडे नाही. थोरात उद्यानातील मोनोरेलच्या बेताला त्यांनी केलेला विरोध ताजा आहे. परंतु आमचे संरक्षण उद्यानाला आहे, टेकडीला आहे. ज्या सपाट तुकड्यावर गवतही धड उगवत नाही, त्या मैदानासाठी कोणी चटकन रस्त्यावर येत नाही.

महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे मैदानासाठी राखून ठेवलेली जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही तर मालकास नोटीस देता येते, आणि त्यानंतर विहित मुदतीत पालिकेने हालचाल न केल्यास आरक्षण उडते. आराखड्यात फेरबदल करावयाचा झाल्यास मात्र हरकती मागवाव्या लागतात आणि त्यासाठी सामान्यतः एक महिना मिळतो. तेव्हा कोथरूडच्या ज्या पालकांची मुले, ज्या तरुणांचे संघ आणि ज्या वृद्धांचे सकाळचे फेरे एखाद्या मैदानावर अवलंबून आहेत, त्यांनी विकास आराखड्यात त्या जागेचे आरक्षण कोणते आहे हे आजच पाहावे, आणि तेथे कोण, केव्हापासून, कोणत्या वेळी खेळते याचा सह्यांनिशी लेखी दाखला करून पालिकेच्या आवकात नोंदवून ठेवावा; फेरबदलाची नोटीस निघाल्यावर महिन्याभरात तो जमविणे कोणालाच साधत नाही.