सरहद्दीची रेघ

घाटांतून प्रवास करणाऱ्यानें मुक्काम गांठण्याची फार घाई करूं नये. जेथें मन थांबेल तेथें मोटारही थांबवावी, असें माझें मत आहे. गेल्या मार्गशीर्षांत एका स्नेह्याबरोबर कोल्हापूरहून आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून गोव्यास जाण्याचा योग आला. अर्ध्या दिवसाच्या या वाटेस आम्हीं सारा दिवस लावला. परंतु न ठरवितां घडलेल्या त्या थांब्यांनीं, सरहद्द म्हणजे काय, हा वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलेला धडा मलाच नव्यानें शिकविला.

पहिला थांबा आंबोलीस, हिरण्यकेशीच्या उगमापाशीं झाला. येथें उगम पावलेलें पाणी पूर्वेस वळतें, घटप्रभेच्या द्वारें कृष्णेस मिळतें आणि अखेर बंगालच्या उपसागरांत जातें. तेथून थोड्याच अंतरावर कड्यावरून कोसळणारें पाणी मात्र पश्चिमेस कोंकणांत उतरून अरबी समुद्राची वाट धरतें. निसर्गानें स्वतः आंखलेली सीमा पाहावयाची असेल तर ती ही होय. परंतु येथें चौकी नाहीं, पहारा नाहीं. चहाचें एक दुकान तेवढें होतें.

घाट उतरतांना त्या रस्त्याचा इतिहास आठवला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वेंगुर्ल्याचें बंदर बेळगांवच्या छावणीस जोडण्यासाठीं हा गाडीरस्ता बांधण्यांत आला. पुढें आगगाडी आली, मालाची वाट बदलली आणि वेंगुर्ल्याची भरभराट ओसरली. तात्पर्य, सह्याद्रीसारख्या पर्वतानेंही माणसांची ये-जा कधीं अडविली नाहीं. मग ती अडविली कोणीं?

या प्रश्नाचें उत्तर शोधीत बांद्यास तेरेखोल नदीच्या पुलावर पुन्हां उतरलों. ही नदी पुढें कांहीं अंतर गोव्याची सीमा होते खरी. पण मुखापाशीं तेरेखोलचा किल्ला उत्तर तीरावर असूनही गोव्याच्या हद्दींत आहे. तेव्हां नदीसही या रेघेची जननी म्हणतां येत नाहीं. रेघेचें मूळ राजकारणांत आहे. १७८८ मध्यें कोल्हापूरकरांच्या स्वारीनें जेरीस आलेल्या वाडीच्या खेम सावंतांनीं साहाय्याच्या मोबदल्यांत पेडणें महाल पोर्तुगीजांस दिला. आम्ही सकाळीं ज्या कोल्हापुराहून निघालों होतों, त्याचेंच भय या रेघेस कारण झालें होतें! भाषा एक, देवस्थानें एक, सोयरीक एक. परंतु पेडण्याच्या रयतेस कोणीं विचारलें नाहीं.

पुढें बराच वेळ गेल्यावर मीं विचारलें, "सरहद्द केव्हां येणार हो?" स्नेही हंसून म्हणाले, "अहो, ती मागें राहिली. पत्रादेवी आली कीं!" मीं मोटार मागें वळवावयास लाविली.

पत्रादेवीस हुतात्म्यांचें स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं ही सीमा ओलांडून गोव्यांत शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनीं गोळ्या झाडल्या. येथें धारातीर्थीं पडलेले कर्नैलसिंग पंजाबांतून आले होते. त्यांची ना ही भाषा, ना हा मुलूख. त्यानंतर भारत सरकारनेंही आपल्या बाजूनें वाट बंद केली आणि आगगाडी थांबविली. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला, तेव्हांच ही वाट खऱ्या अर्थानें खुली झाली.

तथापि रेघ पुसली गेली नाहीं. गोव्यानें महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं निराळें राहावें, यासाठीं १६ जानेवारी १९६७ रोजीं सार्वमत घेण्यांत आलें. विलीनीकरणास १,३८,१७० मतें पडलीं, तर निराळें राहण्यास १,७२,१९१. माझ्या वडिलांना हा निकाल अखेरपर्यंत सलत राहिला. 'ज्यासाठीं माणसें मेलीं, ती रेघ पुन्हां आपल्याच हातांनीं ओढली,' असें ते म्हणत. आणि मीही पुष्कळ वर्षें तसेंच मानीत आलों.

स्मारकापाशीं उभें असतां मला या युक्तिवादांतील उणीव प्रथमच दिसली. १७८८ ची रेघ एका भ्यालेल्या संस्थानिकानें ओढली. १९५५ मध्यें ती बंदुकीनें राखली गेली. १९६७ मध्यें मात्र तिच्याविषयीं प्रथमच तेथल्या माणसांस विचारलें गेलें. हुतात्मे रेघ पुसण्यासाठीं मेले नाहींत. ती कोणाच्या इच्छेनें असावी, यासाठीं मेले. उत्तर आपल्या मनाजोगें आलें नाहीं, म्हणून विचारणाच चूक ठरत नाहीं. वडील आज हयात असते तर हें म्हणणें त्यांना पटलें असतें, असें मी म्हणत नाहीं. पण त्यांनीं तें ऐकून घेतलें असतें.

संध्याकाळ झाली होती. आमची मोटार पेडण्याकडे निघाली. मागून येणाऱ्या गाड्यांतील एकही त्या स्मारकापाशीं थांबली नाहीं. जी वाट एके काळीं प्राण देऊन चालावी लागे, ती आज न कळत ओलांडतां यावी, हें हुतात्म्यांचेंच यश होय. त्या यशाची किंमत मात्र आपण न कळत विसरूं नये, एवढेंच.