सौर संच, घरगुती : वाहक तारांचे नियम

छतावरील सौर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत आणि तिथून घराच्या वितरण पेटीपर्यंत वीज नेणाऱ्या तारांची निवड, जोडणी व मांडणी यांविषयीचे नियम. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३चे सुरक्षा विनियम या कामाला लागू आहेत. वायरिंगसाठी आयएस ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आणि सौर डीसी केबलसाठी आयएस १७२९३ ही मानके आहेत. पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ मध्ये सुरू झाली. तिचे उद्दिष्ट एक कोटी घरांचे असल्याने हे नियम आता वायरमनइतकेच घरमालकालाही ठाऊक असायला हवेत.

पॅनेलची बाजू घरातल्या वायरिंगहून मुळातच वेगळी असते. ऊन असेपर्यंत पॅनेल बंद करता येत नाही; डीसी स्विच पाडला तरी त्याच्या अलीकडच्या, पॅनेलकडील तारांत दाब कायम राहतो. शिवाय ५४० वॅटचे पॅनेल चालू असताना सुमारे १३ अँपिअर देते आणि तारा एकमेकींना चिकटल्या तरी जेमतेम १४. त्यामुळे संचात पॅनेलची एकच माळ (एकापुढे एक जोडलेली पॅनेल) असेल तर दोष झाला तरी फ्यूज उडतच नाही. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीला तसा विसावा नाही. पेटलेली ठिणगी तार वितळेपर्यंत जळत राहू शकते. म्हणून इथे खरे संरक्षण फ्यूजपेक्षा तारेचे आवरण आणि जोड यांतच आहे.

यासाठी कथिलाचा मुलामा दिलेली, दुहेरी आवरणाची, १,५०० व्होल्ट डीसीची बारीक धाग्यांची तांब्याची केबल वापरतात. तिचे आवरण ऊन सोसते. कोकणच्या खाऱ्या हवेत उघडे तांबे लवकर काळे पडते, तिथे मुलाम्याचे मोल विशेष. पैसे वाचवण्यासाठी घरातली साधी पीव्हीसी वायर छतावर ओढणे ही चूक आहे. उन्हाने ती काही वर्षांत तडकते.

तारेची क्षमता शॉर्ट सर्किट प्रवाहाच्या निदान सव्वापट धरतात. १४ अँपिअरला साडेसतरा. मोकळ्या हवेतली ४ चौरस मिमीची केबल ६० अंश तापमानालाही त्याहून बराच जास्त प्रवाह पेलते, म्हणून जाडी बहुधा व्होल्टेज ड्रॉपवरून ठरते. तीन किलोवॅटला पुरणारी सहा पॅनेलची माळ सुमारे २५० व्होल्टवर चालते. इन्व्हर्टर ३० मीटरवर असेल तर जाणे-येणे मिळून तार ६० मीटर होते. ४ चौरस मिमीत सुमारे ४ व्होल्ट, म्हणजे १.६ टक्के, वाटेतच जातात. तापलेल्या तारेत हा आकडा आणखी वाढतो. ड्रॉप दोन टक्क्यांच्या आत ठेवायचा असेल तर विदर्भातल्या उन्हाळ्यात ६ चौरस मिमी घेणे शहाणपणाचे.

आगीचा सर्वांत मोठा धोका जोडांत असतो. कनेक्टरचे नर-मादी भाग एकाच उत्पादकाचे व एकाच जातीचे असावेत; दिसायला एकसारखे भाग एकमेकांत बसतात, पण आतला स्पर्श सैल राहून जोड तापतो. पिना योग्य क्रिम्पिंग अवजारानेच दाबाव्यात, पकडीने नव्हे. तारा पत्र्याच्या धारेवर घासू नयेत, छतावर साचलेल्या पाण्यात पडू नयेत. पेटीत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तिथेच ठिबकते. धन व ऋण तारा शेजारून न्याव्यात. त्यांच्यात मोठा फास राहिला तर जवळपास वीज पडल्यावर त्यात दाब उसळतो.

पॅनेलच्या चौकटी व सांगाडा हिरव्या-पिवळ्या तारेने अर्थिंगला जोडतात. एसी बाजूला घरगुती वायरिंगचेच नियम चालतात.

दुरुस्तीच्या वेळी आधी एसी, मग डीसी स्विच बंद करावा, प्रवाह थांबल्याची क्लॅम्प मीटरने खात्री करावी आणि मगच कनेक्टर सोडवावा.